एकदाच होणारी परीक्षा

वाचकांची पत्रं, माझी उत्तरं

(नव्या वाचकांसाठी: मी वायुदलात एअर ट्रॅफिक कंट्रोलर होते. आता कोल्हापुरात असते आणि भरतीला निघालेल्या पोरापोरींच्या पत्रांना या पानावर उत्तरं देते.)

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी उचगावचा, वय २३, मेकॅनिकलचा बी.ई. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ॲफकॅट (वायुदलाच्या अधिकारी भरतीची लेखी परीक्षा) पास होऊन गुजरातमधल्या गांधीनगरला एअर फोर्स सिलेक्शन बोर्डाला गेलो. (आजीला शेवटपर्यंत वाटत होतं, पोरगं आपल्या इथल्या गांधीनगरला कापड आणायला चाललंय.) फॉर्ममध्ये फक्त फ्लाइंग ब्रँच भरली होती. कॉन्फरन्सनंतर (बोर्डाची शेवटची बैठक) माझा चेस्ट नंबर पुकारला. रेकमेंड झालो, म्हणजे बोर्डानं शिफारस केली! फोन हातात आला तसं मित्राला तेवढं एकच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सीपीएसएस, म्हणजे पायलट निवडीची कॉम्प्युटरवरची चाचणी होती, त्यात नापास झालो. अहमदाबाद-कोल्हापूर गाडीनं परत आलो, तर कमानीजवळ फ्लेक्स: 'भावी फ्लाइंग ऑफिसर', माझा कॉलेजच्या गॅदरिंगमधला फोटो आणि खाली मंडळाच्या सगळ्या पोरांची तोंडं. तो अजून तिथंच आहे. खरं काय झालं ते घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. वडील म्हणतात, परत दे. चुलते म्हणतात, ओळख काढू. उजळाईवाडीला उतरणारं विमान घरावरून गेलं की मी आत जाऊन बसतो. रात्री त्या चाचणीचा पडदा डोळ्यांसमोर येतो. हात थरथरला नसता तर? पुन्हा संधी मिळवायचा काही मार्ग आहे का? नसेल तर मी काय करू?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : मार्ग नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण तुझ्या आजूबाजूला 'प्रयत्न सोडू नकोस' म्हणणारे भरपूर असणार, आणि तुझ्या बाबतीत तो सल्ला चुकीचा आहे. लेखी परीक्षेत नापास झालास तर पुन्हा बसता येतं. बोर्डात पहिल्याच दिवशी स्क्रीन आउट (बाद) झालास, कॉन्फरन्सला नंबर पुकारला नाही, तरी वय आहे तोवर पुन्हा जाता येतं. मेडिकलमध्ये 'तात्पुरता अपात्र' असा शेरा आला तर उपचार करून अपील बोर्डापुढं उभं राहता येतं. सीपीएसएस मात्र आयुष्यात एकदाच. कुस्ती हरली तर पुढच्या जत्रेला पुन्हा जोड लावता येते, इथं तसं नाही. नौदलाच्या पायलट एंट्रीलाही आधीचं हे नापास होणं आड येतं. त्यामुळं 'अजून एकदा' या आशेवर तू एक महिनाही घालवू नयेस, असं मला वाटतं.

हा नियम निष्ठुर वाटतो, पण त्यामागं हिशोब आहे. हातात जॉयस्टिक, पायाखाली रडर (विमान वळवायचे पेडल), पडद्यावर सरकणारी खूण जागेवर धरायची आणि त्याच वेळी दुसरीकडंही लक्ष ठेवायचं. या चाचणीत हात, पाय, डोळे आणि डोकं एकाच वेळी किती सहज चालतात ते बघतात. पुन्हा पुन्हा बसू दिलं तर सरावानं मार्क वाढतील, अंगचा कल तेवढाच राहील, अशी त्यामागची समजूत आहे. तुझा हात थरथरला म्हणून झालं की तसाही नापास झाला असतास, हे आता कुणीच सांगू शकत नाही. तू तर नाहीच. रात्री ती चाचणी मनात पुन्हा देत बसलास तरी तिचा निकाल बदलायचा नाही. पडदा दिसायचा तो काही दिवस दिसेल. दिसला की उठून पाणी पी, गच्चीवर जा. त्याच्याशी वाद घालत अंथरुणात पडू नकोस. झोपच लागत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन कर. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फौजीच्या घरात असल्या फोनला कमीपणा मानतात ते मला माहीत आहे. तरीही कर.

आता वडील. त्यांना तोंडी समजावू नकोस. तोंडी समजावताना तू रडकुंडीला येणार आणि ते आवाज चढवणार. ॲफकॅटच्या जाहिरातीत या चाचणीबद्दलची ओळ स्पष्ट छापलेली असते. ते पान प्रिंट काढून आण, ओळीखाली रेघ मार आणि त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेव. सुभेदारसाहेबांनी उभी नोकरी लेखी आदेशावर काढली आहे, त्यांना कागद कळतो. ते जे 'परत दे' म्हणताहेत ते तुला टोचायला नव्हे. पोराला धीर द्यायचा म्हणजे काय म्हणायचं, हे त्यांना दुसरं कुणी शिकवलेलं नसेल.

चुलत्यांना एवढंच सांग, की मशीनला ओळख लागत नाही. आणि कुणी 'करून देतो' म्हणत पैसे मागायला आला तर तो चोर आहे. इथं दुसरी शक्यताच नाही.

फ्लेक्स तू स्वतः उतरव. रात्री गुपचूप नको. संध्याकाळी मंडळाची पोरं कट्ट्यावर असतात तेव्हा शिडी मागून घे आणि सांग, 'बोर्डानं रेकमेंड केलं, पायलटच्या चाचणीत नापास झालो, ती परत देता येत नाही.' या एका वाक्यात सगळं खरं आहे आणि लाजण्यासारखं काही नाही. दोन दिवस चर्चा होईल. मग पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच येईल आणि उचगावला दुसरा विषय मिळेल. (फ्लेक्स टाकू नकोस. कडबा झाकायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.)

कलामसाहेबांचं पायलट व्हायचं कसं हुकलं, ती गोष्ट तुला आत्तापर्यंत दहा जणांनी ऐकवली असेल, म्हणून मी ऐकवत नाही. मला एक वेगळा माणूस आठवतो. तो तुझ्याही पुढं पोचला होता. चाचणी पास, मेडिकल पास, दुंडिगलच्या अकादमीत दाखल. तिथं उड्डाणाच्या ट्रेनिंगमध्ये 'सस्पेंड' झाला. आमच्याकडं हाच शब्द वापरतात. ट्रेनिंगमध्ये ज्याचं उडणं जमत नाही त्याला थांबवतात आणि बऱ्याचदा ग्राउंड ब्रँचला देतात. तसा तो आमच्या टॉवरला आला. सकाळची पहिली सॉर्टी (उड्डाण) निघायची तेव्हा आम्ही सगळे काचेतून बघायचो आणि हा लॉगबुकात डोकं घालून बसायचा. वर्षभर तरी असंच चाललं होतं. कुणी त्याला काही म्हटलं नाही, हे आमच्या सीओंचे (कमांडिंग ऑफिसरचे) उपकार.

पुढं तो रडारवर गेला. ढग खाली आले, धावपट्टी दिसेनाशी झाली, की कंट्रोलर रडारवर बघत विमानाला बोलून बोलून खाली आणतो. त्या शेवटच्या टप्प्यात पायलट काही बोलत नाही. उत्तर देऊ नकोस, असं त्याला आधीच सांगितलेलं असतं. हेडसेटमध्ये एकच आवाज सतत चालू राहतो: मार्गावर आहेस, किंचित डावीकडं सरकतोयस, दोन अंश उजवीकडं वळ, उतार बरोबर. मध्ये काही सेकंद जरी शांतता झाली तरी वरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. या कामात त्याच्याइतका ठाम आवाज मी दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही. पावसाळ्यात पायलट ड्युटी रोस्टर बघून विचारायचे, आज रडारवर कोण आहे? एकदा मी त्याला विचारलं, 'आता बरं वाटतं का?' म्हणाला, 'ढग असले की बरं वाटतं.' म्हणजे निरभ्र दिवशी त्याला अजून दुखायचं. तुझंही दुखेल. जमिनीवरची नोकरी उडण्याइतकीच भारी असते, असलं मी तुला सांगणार नाही. ज्याला उडायचंच होतं त्याच्यासाठी ती तशी नसते.

पण तुला उडायचंच होतं का? रागावू नकोस, तुझं पत्र पुन्हा वाच. त्यात फ्लेक्स आहे, वडील आहेत, चुलते आहेत, मंडळ आहे. विमान येतं ते फक्त घरावरून जाताना. मी तुला खोटा म्हणत नाही. चार दिवसांच्या लाजेखाली मूळची इच्छा दबून जाते, तसंही झालं असेल. तरी ठरवण्याआधी एवढं मनाशी तपासून बघ, कारण इथून रस्ते फुटतात ते त्यावरच.

वर्दी हवी असेल तर तू अजून रांगेत आहेस. मानसशास्त्रज्ञ, ग्रुप टास्क घेणारा आणि मुलाखत घेणारा, असे तीन अधिकारी तुला स्वतंत्रपणे तपासून 'हा अधिकारी होऊ शकतो' म्हणाले. ते मत सीपीएसएसनं खोडलेलं नाही. ॲफकॅटमध्ये ग्राउंड ड्युटीला २६ पर्यंत वय चालतं आणि मेकॅनिकलवाल्याला टेक्निकल शाखा उघडी आहे. विमान ज्याच्या सहीशिवाय हँगरबाहेर पडत नाही, तो माणूस तू होऊ शकतोस. बोर्ड मात्र पुन्हा पहिल्यापासून द्यावा लागेल, जुनी शिफारस पुढं चालत नाही. सैन्याच्या टेक्निकल एंट्रीही बघ.

विमानांच्या जवळ राहायचं असेल, वर्दीचं एवढं नसेल, तर एअरपोर्ट्स अथॉरिटीची ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, एअर ट्रॅफिक कंट्रोल ही परीक्षा आहे. वयाची अट २७. बी.ई.च्या एखाद्या सेमिस्टरला फिजिक्स आणि मॅथ्स असले की चालतं. माझाच धंदा असल्यामुळं मी जरा त्याच्या बाजूनं बोलत असेन, ते सोडून दे.

आणि खरोखर उडायचंच असेल, तर नागरी कमर्शियल पायलट लायसन्सला सीपीएसएस लागत नाही. डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक खात्याचे) पेपर, क्लास वन मेडिकल आणि २०० तासांचं उड्डाण. खर्च पन्नास लाखांच्या आसपास आणि वरही जातो. उचगावातल्या गुंठ्याचा भाव मला माहीत आहे, तुझ्या चुलत्यांनाही आहे. या महिन्यात तो विषय घरात काढू नकोस. बऱ्याच विमान कंपन्याही नोकरी देताना याच जातीची चाचणी घेतात. तेव्हा जमीन विकायच्या आधी कुठल्या तरी फ्लाइंग क्लबमध्ये इन्स्ट्रक्टरबरोबर एक-दोन उड्डाणं पैसे देऊन कर आणि त्यालाच विचार. तो पोटावर लाथ मारून घेऊन खरं सांगेलच असं नाही, पण तुझं तुला कळेल.

फॉर्म कुठलाही असो, तो फ्लेक्स उतरवल्यावर भर.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, फायटर पायलट व्हायचं म्हणतो. एक क्लास अकरावी-बारावीची एनडीए बॅच घ्या म्हणून मागं लागलाय, फी तीन लाखांच्या वर आहे. नाही झालं तर पोरगं खचेल, अशी भीती वाटते. काय करावं?
— एक आई, गडहिंग्लज

उत्तर : ताई, खचण्याचं पुढं बघू. आधी ज्या गोष्टी अभ्यासानं बदलत नाहीत त्या तपासून घ्या. क्लासवाले हे सांगत नाहीत, कारण त्यात त्यांची फी नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा आणि इशिहाराच्या पुस्तकावर रंग ओळखण्याची तपासणी करायला सांगा. ठिपक्यांच्या वर्तुळातला आकडा वाचायचा असतो, दहा मिनिटांचं काम. हा दोष मुलग्यांत जास्त असतो, जन्मापासून असतो, आणि शाळेत वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पोरगं पानं हिरवी म्हणतं, कारण पानं हिरवी असतात हे त्याला माहीत असतं. फ्लाइंगला हा दोष चालत नाही आणि त्याला उपचार नाही. चष्मा आहे का तेही त्याच वेळी विचारा.

मग टेप. फ्लाइंगसाठी उंची किमान १६२.५ सेंटीमीटर लागते. बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडीची लांबी ६४ पर्यंत. कॉकपिटमध्ये बसून पाय रडरला पोचले पाहिजेत आणि गुडघे पुढं अडकता कामा नयेत, म्हणून ही मापं. पंधराव्या वर्षी कमी भरलं तर घाबरू नका, पोरं अजून वाढतात. मांडी आत्ताच जास्त भरली तर मात्र लक्षात ठेवा.

यात सगळं ठीक निघालं तर अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घ्या. वायुदलासाठी तिन्ही लागतात. तीन लाखांच्या आधी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा देऊ द्या. राज्य सरकारची आहे, १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांना एनडीएसाठी तयार करते. आणि वरचं पत्र त्याला वाचायला द्या. एकदाच होणाऱ्या चाचणीबद्दल त्याला आत्ताच कळू दे, बोर्डाच्या दारात नको.

डोळे आणि टेप एका सकाळीत उरकतात, खर्च फार तर डॉक्टरांच्या फीचा. क्लासवाल्यांना फोन त्यानंतर करा.