तांबडा रस्सा निळा का दिसतोय?

प्रश्न: नमस्कार सर, आम्ही खानावळीत मेनू दाखवायला एक छोटा स्क्रीन बनवतोय, ८०० बाय ४८०, १६ बिट. स्क्रीनवर चित्र दाखवायला लिनक्सचा सिंपलएफबी ड्रायव्हर आहे, डिव्हाइस ट्रीत (म्हणजे हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलीत) फॉरमॅट आर५जी६बी५ टाकलाय, म्हणजे लाल ५, हिरवा ६, निळा ५ बिट. सगळं दिसतंय पण तांबडा रस्सा चक्क निळा, पांढरा रस्सा आणि कोथिंबीर मात्र बरोबर! उलट क्रमाचा बी५जी६आर५ टाकून बघितलं तर बूटलोडरचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) लोगोच अडकून बसतो आणि लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड फॉरमॅट व्हॅल्यू’. पॅनल गेलाय का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: पॅनल चांगला आहे हो, पांढरा रस्साच साक्ष देतोय. पांढऱ्यात लाल आणि निळा जवळजवळ सारखेच, अदलाबदल झाली तरी कळत नाही, आणि हिरवा दोन्ही फॉरमॅटमध्ये पाचव्या बिटापासून सहा बिट, जागचा हलतच नाही. खात्रीच करायची तर पहिल्या पिक्सेलमध्ये ६३४८८ लिहा, म्हणजे फक्त वरचे पाच बिट चालू, ठिपका निळा आला की विषय संपला.

आता सिंपलएफबी हार्डवेअरला हातच लावत नाही, बूटलोडरने जे लावून ठेवलंय ते तसंच वापरतो, फॉरमॅटचं नाव फक्त एका टेबलशी ताडून बघतो आणि नाही सापडलं की सरळ परत फिरतो. ते टेबल सिंपलएफबीच्या हेडर फाइलमध्ये आहे, त्यात एक ओळ वाढवायची: नाव बी५जी६आर५, १६ बिट, लाल ०,५, हिरवा ५,६, निळा ११,५, अल्फा (पारदर्शकता) ०,०, शेवटी डीआरएमचा (लिनक्सच्या ग्राफिक्स यंत्रणेचा) बीजीआर५६५ कोड. जोडीतला पहिला आकडा बिट कुठून सुरू होतात तो, दुसरा किती बिट. नाव वाचताना डावीकडचं अक्षर सगळ्यात वरच्या बिटांचं, इथेच बरेच जण उलटं भरतात. स्ट्राइड, म्हणजे एका आडव्या ओळीचे बाइट, १६००च राहू दे. हा बदल पॅच म्हणून लिनक्सवाल्यांकडे पाठवणार असाल तर डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगमध्येही (कोणती नावं चालतात ते सांगणाऱ्या दस्तऐवजात) नाव घाला, नाहीतर पहिलाच रिप्लाय त्यावरून येईल.

एवढं केलं की कन्सोलचे रंग आपोआप जागेवर येतील, कारण ड्रायव्हर त्याची पॅलेट (रंगांची यादी) याच आकड्यांवरून बनवतो. पण तुमचं मेनूचं अ‍ॅप? त्यात लाल ११ बिट सरकवायचा असं ठोकून लिहिलं असेल (बहुतेक असतंच) तर रस्सा निळाच राहणार, अ‍ॅपने ड्रायव्हरला विचारून ऑफसेट (कुठला रंग कुठल्या बिटापासून ते आकडे) घ्यायला पाहिजेत. आणि कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) सिंपलएफबीऐवजी सिंपलडीआरएम हा नवा ड्रायव्हर चालू असेल, जो २०२१ मध्ये आला, तर नुसत्या ओळीने भागत नाही, त्या फॉरमॅटमध्ये रूपांतर करणारं फंक्शनही लागतं.

मी असतो तर आधी डिस्प्ले कंट्रोलरची डेटाशीट उघडली असती, कितीतरी चिपमध्ये लाल-निळा उलटवायचा एक बिट असतो. बूटलोडरचा सोर्स हातात असेल तर तो बिट तिथेच फिरवा, डिव्हाइस ट्रीत आर५जी६बी५ तसाच ठेवा, कर्नलला हात लावायची गरजच नाही.