किडनी शरीरातलं पाणी कसं सांभाळते? रोज चार-पाच लिटर पाणी प्यायल्याने ती साफ राहते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. धडधाकट किडनीला धुऊन काढावं लागत नाही. रोज साधारण 180 लिटर द्रव ती गाळते आणि त्यातला जवळपास 99 टक्के परत रक्तात घेते. रक्त जरा दाट झालं की मेंदूतून एडीएच हे संप्रेरक सुटतं. त्यामुळे किडनीतल्या शेवटच्या नळ्या पाणी परत शोषतात आणि लघवी थोडी, गडद होते. पाणी जास्त झालं की एडीएच थांबतं, लघवी पातळ होते.

पण किडनीची ही ताकद अमर्याद नाही. माझी आई सत्तरी ओलांडलेली, बीपीसाठी थायझाइडची गोळी चालू. दादाने कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि तिच्या उशाशी भरलेल्या बाटल्या ठेवायला लागला. तहान असो नसो, संध्याकाळपर्यंत त्या संपल्याच पाहिजेत. मी अडवलं तर म्हणाला, "पाण्याने कधी कुणाचं वाईट झालंय का?" आईला आधी मळमळ सुरू झाली, मग जेवण तुटलं, आणि एका सकाळी ती मला मामाच्या नावाने हाका मारू लागली. आम्हाला वाटलं, अर्धांगाचा झटका. रक्त तपासलं तर सोडियम 118. ते 135 ते 145 असायला हवं. थायझाइडमुळे किडनीला लघवी पुरेशी पातळ करता येत नाही. जास्तीचं पाणी अंगातच राहतं, सोडियम उतरतं, मेंदूच्या पेशी फुगतात. बरं, ते झटकन वाढवताही येत नाही, घाई केली तर मेंदूलाच इजा होते. म्हणून तिला आयसीयूत ठेवून, पुन्हापुन्हा रक्त तपासत, सावकाश वर आणलं.

म्हणून कुणालाही सरसकट लिटरचं माप देणाऱ्यांचा मला राग येतो. एरवी तहान लागेल तेवढं प्यावं, बस्स. मुतखडा होऊन गेलेल्यांना जास्त पाणी सांगतात, ते योग्यच आहे. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर माप डॉक्टरच ठरवतील. आणि म्हातारपणी तहान मंदावते, त्यामुळे तिथे उलटंही होतं, पाणी कमी पडतं. लक्ष ठेवावंच लागतं.

दादा अजून म्हणतो, सगळं गोळीमुळे झालं. गोळीचा वाटा होताच, ती बदलली. पण डॉक्टरांनी त्याच कागदावर दिवसभराच्या पाण्याला मर्यादाही घालून दिली होती, आणि तो कागद माझ्याकडे आहे.