वाचकांचे प्रश्न: जीन ड्राइव्ह चालतो कसा, अडतो कुठे

जीन ड्राइव्ह म्हणजे निम्म्याहून जास्त संततीत जाईल अशी बेतलेली जनुकांची जोडणी. ती वापरून डास आणि किडींचा बंदोबस्त करण्याबद्दल बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: निम्मी जनुके आईकडून, निम्मी बापाकडून येतात असे शिकलो. मग थोडेसे डास सोडून सगळ्या डासांत एक जनुक कसे काय पसरेल? ते बाकीच्यांत विरून जाणार नाही का?

साधे जनुक असेल तर ते पसरत नाही. शंभर प्रतींत एक या प्रमाणात सोडले आणि त्याचा फायदा-तोटा काही नसला, तर ते पिढ्यानपिढ्या तेवढ्यावरच रेंगाळते. ड्राइव्हमध्ये त्या जागी आणखी दोन जनुके जोडलेली असतात. एक डीएनए कापणाऱ्या कॅस-9 प्रथिनाचे आणि दुसरे कुठे कापायचे ते दाखवणाऱ्या गाइड आरएनएचे. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होण्याच्या सुमारास कॅस-9 जोडीच्या दुसऱ्या गुणसूत्रावर नेमक्या त्याच जागी छेद देते. छेद सांधताना पेशी शाबूत गुणसूत्राची नक्कल करते आणि त्यावर ड्राइव्ह असल्याने तोच इकडेही उतरतो. ही नक्कल शंभरात 98 वेळा साधली, तर 50 ऐवजी 99 टक्के संततीत ड्राइव्ह जातो.

हिशेब कागदावर करून पाहता येतो. नक्कल दरवेळी साधते आणि ड्राइव्हचा अपाय नाही असे धरले, तर ड्राइव्ह नसलेल्या प्रतींच्या प्रमाणाचा दर पिढीला वर्ग करायचा. 0.99 चा वर्ग 0.98, त्याचा वर्ग 0.96. या चालीने ड्राइव्ह चौथ्या पिढीत 15 टक्के, सहाव्या पिढीत 47, आठव्या पिढीत 92 आणि नवव्या पिढीत 99 टक्क्यांवर पोहोचतो. पहिल्या तीन पिढ्यांत काही घडतच नाही असे वाटते, हे ध्यानात ठेवावे. प्रत्यक्षातला वेग याहून कमीच असतो.

प्रश्न: पण ज्या जनुकाने माद्या वांझ होतात, ते पसरेल कसे? वांझ मादी ते पुढे देणारच नाही.

नेमका प्रश्न आहे. उत्तर असे की एका प्रतीने वांझपण येता कामा नये, दोन्ही प्रती बिघडल्या तरच यावे. म्हणजे सुरुवातीला एक प्रत बाळगणारे नर-माद्या ड्राइव्ह पसरवत राहतात. तो पुरेसा पसरला की दोन प्रतींच्या माद्या वाढू लागतात आणि अंडी घटतात.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील गटाने 2018 मध्ये अ‍ॅनोफेलीस गॅम्बी या हिवताप पसरवणाऱ्या डासात डबलसेक्स हे लिंग ठरवणारे जनुक निवडले. त्याचा एक तुकडा फक्त माद्यांत वापरला जातो. तो दोन्ही प्रतींत मोडला की मादीला ना धड चावता येते, ना अंडी घालता येतात. नरांना काही होत नाही, त्यामुळे ते ड्राइव्ह वाहत राहतात. प्रत्येकी 600 डासांच्या दोन पिंजऱ्यांत ड्राइव्हचे प्रमाण सुरुवातीला साडेबारा टक्के होते. 7 ते 11 पिढ्यांत तो प्रत्येक डासात पोहोचला आणि दोन्ही पिंजरे ओस पडले. पुढे इटलीतील तेर्नी येथे मोठ्या पिंजऱ्यांत, वेगवेगळ्या वयांचे डास एकत्र ठेवून केलेल्या प्रयोगांतही वर्षभराच्या आत डास संपले. हे निकाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाले.

डास न संपवता त्याच्यात हिवतापाचा परजीवी वाढू न देणारे जनुक पसरवायचे, असा दुसरा मार्गही आहे. त्यात डासांची संख्या तेवढीच राहते. मात्र परजीवीनेच त्या जनुकावर मात केली तर खटाटोप वाया जातो.

प्रश्न: पिंजऱ्यात इतके छान जमते, तर घोडे अडले कुठे?

बहुतेकांचे लक्ष कात्रीकडे, म्हणजे कॅस-9 कडे असते. खरा पेच कापायच्या जागेचा आहे.

छेद सांधण्याच्या पेशीकडे दोन रीती आहेत. एक वर सांगितलेली नकलेची. दुसरीत ती तुटलेली टोके थेट चिकटवून टाकते. तसे करताना डीएनएच्या मजकुरातली दोन-चार अक्षरे गळतात किंवा वाढतात. आता त्या जागेचा मजकूर बदलला, गाइड आरएनएला तो ओळखता येत नाही, आणि ती प्रत कायमची सुरक्षित होते. अक्षरे तिनाच्या पटीत गळली किंवा वाढली नाहीत, तर जनुकाचे पुढचे वाचन फिसकटते. असे जनुक तसेही निकामी असते, म्हणून त्याची फारशी धास्ती नाही. पण बदल तिनाच्या पटीत झाला तर एखादे अमिनो आम्ल इकडेतिकडे होऊन प्रथिन चालू राहू शकते. अशी मादी अंडी घालते आणि कात्रीलाही दाद देत नाही. भोवतालच्या माद्या वांझ होत असताना तिची संतती झपाट्याने वाढते. ड्राइव्ह जितका जालीम, तितका अशा बदलाला फायदा जास्त. इम्पीरियलच्याच गटाच्या आधीच्या, वेगळ्या जनुकावरच्या प्रयोगात ड्राइव्ह काही पिढ्या चढला आणि मग अशा प्रतिकारक प्रतींमुळे उतरणीला लागला. हा अनुभव 2017 मध्ये छापून आला.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही अपुरे आहेत. पहिला, जिथे एक अक्षर बदललेलेही सहसा खपत नाही अशी जागा निवडायची. डबलसेक्समधली जागा अशीच आहे आणि यशाचे बरेच श्रेय तिचे आहे. दुसरा, एकाच जनुकावर दोन-तीन ठिकाणी कापायचे. पण बाहेरचे छेद एकमेकांपासून लांब पडले तर टोकांचा मजकूर नमुन्याशी जुळत नाही आणि नक्कल मंदावते. तिसरा, कात्री योग्य वेळीच चालवायची. मादीने अंड्यात कॅस-9 भरून ठेवले तर भ्रूणातच छेद पडतो, आणि त्या अवस्थेत टोके चिकटवण्याकडे पेशीचा कल जास्त असतो. वासा या जनुकाचा प्रमोटर, म्हणजे त्याची चालू-बंद करणारी कळ, अशी गळकी निघाली. म्हणून डबलसेक्सच्या कामात झेडपीजी या जनुकाची अधिक नेमकी कळ घेतली.

बाहेरच्या जगात यात भर पडते. निरनिराळ्या भागांतल्या डासांत कापायच्या जागेचा मजकूर मुळातच वेगळा असू शकतो. एखादा भाग रिकामा झाला की शेजारचे ड्राइव्ह नसलेले डास तिथे येऊन पुन्हा वाढतात आणि पाठलाग सुरू राहतो. पिंजऱ्यात असा शेजार नसतो.

प्रश्न: असे डास आफ्रिकेत सोडल्याचे वाचले. खरे काय?

2019 मध्ये बुर्किना फासोतील बाना गावात जनुकबदल केलेले डास सोडले होते, पण ते वांझ नर होते. त्यांच्यात ड्राइव्ह नव्हता. ड्राइव्ह असलेला कोणताही जीव आजवर मोकळ्या निसर्गात सोडलेला नाही.

ब्राझीलमध्ये आणि फ्लोरिडात सोडलेले ऑक्सिटेक कंपनीचे एडिस, म्हणजे डेंग्यू पसरवणारे, डासही ड्राइव्हचे नाहीत. त्यांचे जनुक माद्यांना अळीच्या अवस्थेतच मारते आणि सोडणे थांबवले की काही पिढ्यांत नाहीसे होते. डेंग्यूचा विषाणू डासात वाढू न देणारा वोल्बाकिया हा जिवाणू घातलेले डास हा आणखी वेगळा प्रकार. वोल्बाकियाही डासांत आपोआप पसरतो, पण त्यासाठी सुरुवातीचे प्रमाण एका पातळीच्या वर न्यावे लागते. इंडोनेशियातील योग्यकार्ता येथील चाचणीत या पद्धतीने डेंग्यूचे रुग्ण 77 टक्क्यांनी कमी झाले. डेंग्यूपुरते बोलायचे तर ड्राइव्हची वाट पाहत बसण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

प्रश्न: मावा, पांढरी माशी, फुलकिडे, उंदीर यांवर हा उपाय कधी येईल?

मावा बाद. वर्षातला बराच काळ त्याच्या माद्या नराशिवायच पिल्ले घालतात, आणि नर-मादी समागमाशिवाय ड्राइव्ह हलत नाही. पांढरी माशी आणि फुलकिड्यांत नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो. त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो, नक्कल करायला जोडीदारच नाही. त्यामुळे ड्राइव्ह फक्त माद्यांत चालतो आणि वेग खूप घटतो. पतंगवर्गीय किडींत प्रयोग झाले आहेत, पण कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगात नकलेचे प्रमाण डासांच्या मानाने फारच कमी आले.

उंदरात वेगळी युक्ती आहे. टी-हॅप्लोटाइप नावाचा गुणसूत्राचा एक तुकडा मुळातच नराकडून 95 टक्क्यांपर्यंत पिल्लांत जातो. अ‍ॅडलेडच्या संशोधकांनी 2022 मध्ये त्याला मादीचे प्रजनन बिघडवणारी कात्री जोडली. त्यांच्या संगणकी गणितात 250 उंदीर सोडून बेटावरचे 2 लाख उंदीर सुमारे 20 वर्षांत संपतात. वीस वर्षे हा आकडा शेतकऱ्याच्या हंगामाशी जुळणारा नाही. बेटांवरच्या पक्ष्यांना वाचवण्यासाठी तो चालेल.

प्रश्न: डास चावला तर ते जनुक माणसात येईल का?

नाही. ड्राइव्ह फक्त अंडपेशी-शुक्रपेशींतून पुढच्या पिढीत जातो.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात फळमाश्यांवर क्रिस्परचे, म्हणजे कॅस-9 ने जनुके कापून बदलण्याचे, काम चालते. प्रकल्प म्हणून छोटा ड्राइव्ह करून पाहता येईल का?

पूर्ण ड्राइव्ह करू नका. फळमाशी जगभर मोकळी फिरते, आणि बाटलीचा बोळा सैल राहायला क्षण पुरतो. सुटलेला ड्राइव्ह परत बोलावता येत नाही. त्याच्यामागे दुसरा, बदल पुसणारा ड्राइव्ह सोडण्याची कल्पना आहे, पण तोही मागे कॅस-9 ठेवूनच जातो.

शिकण्यासाठी विभागलेला ड्राइव्ह पुरेसा आहे. त्यात गाइड आरएनए एका जागी आणि कॅस-9 दुसऱ्या गुणसूत्रावर ठेवतात. कॅस-9 साध्या जनुकासारखे निम्म्याच संततीत जाते, त्यामुळे माशी निसटली तरी पसरणे काही पिढ्यांत विझते. कापायची जागाही अशी घ्या जी रानातल्या माशीत नाहीच, जसे प्रयोगशाळेत आधी घातलेले हिरवा प्रकाश देणारे जनुक. आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची लेखी मंजुरी घ्या. माश्या बंद खोलीत, दोन दारांच्या आत हाताळा आणि बाटल्या धुण्यापूर्वी गोठवा. नक्कल किती टक्के साधली हे चमकणाऱ्या डोळ्यांच्या खुणेवरून मोजता येते. फळमाशीत ते डासांपेक्षा कमी आले तर गोंधळू नका, तिथे टोके चिकटण्याचे प्रमाण सहसा जास्तच असते. ज्या माश्यांत ना ड्राइव्ह आहे ना हिरवा प्रकाश, त्यांच्यातल्या त्या जागेचा डीएनए वाचून घ्या. गळलेली अक्षरे तिथेच सापडतील.