झुरिकला यायचंय? आधी दादरचा पूल

तू विचारलंस: व्हीजेटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स झालं, अंधेरीत दोन वर्षं कॉम्प्युटर व्हिजनची नोकरी झाली, आता झुरिकला मास्टर्स करून इव्हेंट कॅमेऱ्यांवर काम करायचंय. निघण्याआधी तो कॅमेरा विकत घ्यावा का, आणि पुढे नोकरी मिळते का? परळ सोडून मला इथे आठ वर्षं झाली, कामही ह्यातलंच, म्हणून सविस्तर लिहितोय.

कॅमेरा घेऊ नकोस. काही हजार युरो जातील. त्यापेक्षा दादरच्या पुलावर जा आणि खालून जाणाऱ्या फास्ट लोकलचा मोबाइलवर व्हिडिओ घे. डबे फरफटल्यासारखे पुसट येतील. इव्हेंट कॅमेऱ्यात फ्रेम, म्हणजे एका क्षणाचं अख्खं चित्र, नसतंच. प्रत्येक पिक्सेल आपापल्या जागी थांबून असतो. उजेड ठरावीक प्रमाणात वाढला किंवा घटला की तेवढंच कळवतो, मायक्रोसेकंदाच्या हिशेबाने. असा प्रत्येक निरोप म्हणजे एक इव्हेंट. त्यामुळे धावत्या डब्याच्या कडा स्वच्छ मिळतात. पण खांबाला टेकून निवांत उभा असलेला माणूस? कॅमेरा स्थिर असेल तर तो दिसतच नाही. शिवाय 50 हर्ट्झच्या विजेवरचे बरेचसे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, सेन्सरला कळतं, आणि नको असलेल्या इव्हेंट्सचा लोंढा येतो. पावसात तर थेंबाथेंबाचे इव्हेंट!

व्हीटूई नावाचं मोफत सॉफ्टवेअर साध्या व्हिडिओतून इव्हेंट बनवून देतं. तुझा लोकलचा व्हिडिओ त्यात घाल. मात्र दोन फ्रेमच्या मधलं ते अंदाजाने भरतं, त्यामुळे दिव्यांची खरी लुकलुक त्यात उतरणार नाही. खऱ्या सेन्सरसाठी स्विस रस्त्यांवर इव्हेंट कॅमेऱ्याने टिपलेला डीएसईसी हा डेटा उतरवून घे आणि दोन्हींतला फरक स्वतः शोध. प्रवेशाच्या अर्जात मला हे वाचायला आवडेल, कॅमेऱ्याचं बिल नाही.

झुरिकच का, तर 2008 साली लिखट्श्टायनर, पॉश आणि डेलब्रुक यांनी मांडलेला 128 बाय 128 पिक्सेलचा इव्हेंट सेन्सर इथलाच. अंधारापासून लख्ख उजेडापर्यंतचा त्याचा आवाका 120 डेसिबलचा. भर उन्हातून बोगद्यात शिरतानाही तो आंधळा होत नाही. 2020 मध्ये इथल्याच विद्यापीठातल्या स्कारामुझांच्या गटाने अंगावर फेकलेला चेंडू चुकवणारा ड्रोन दाखवला. धोका ओळखायला त्याला साडेतीन मिलिसेकंद लागत. माझं मत मात्र त्याच गटाच्या 2024 च्या ‘नेचर’मधल्या निबंधाने बदललं. सेकंदाला 20 फ्रेमचा साधा कॅमेरा आणि जोडीला इव्हेंट कॅमेरा घेऊन त्यांनी 5000 फ्रेमच्या कॅमेऱ्याइतकी चपळाई मिळवली, आणि डेटा साधारण 45 फ्रेमच्या कॅमेऱ्याएवढाच. साधा कॅमेरा हद्दपार होणार असं मी पूर्वी मानायचो. आता दोघांच्या जोडीवरच माझा भरवसा आहे.

आता पैसे. बाहेरून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना ईटीएचची, म्हणजे इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठाची, फी 2025 च्या शरदापासून सत्राला 2190 फ्रँक आहे, आधी 730 होती. खरा घाव भाड्याचा बसतो. आपल्यासारख्या भारतातून आलेल्यांना पहिल्या सहा महिन्यांनंतर आठवड्याला 15 तास काम करता येतं, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला सहा महिने मिळतात. फक्त इव्हेंट कॅमेऱ्याच्या जागा मोजक्याच निघतात. म्हणून सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि आरओएस हे रोबोंसाठीचं सॉफ्टवेअर पक्कं करूनच ये. ड्रोन, कारखान्यातली तपासणी, गाड्या, अशी दारं मग खुली राहतात.

लोकलचा व्हिडिओ व्हीटूईतून काढलास की मला पाठव. शक्यतो संध्याकाळचा, दिवे लागल्यानंतरचा.