पाण्यावरून माशाचा माग

प्रश्न : आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात जाळ्याला खरखरीत, काटेरी सकर मासा लागतो. जाळी फाटतात, बाजारात कोणी घेत नाही. सांडव्याखालच्या दोन तलावांतही तो उतरला असेल का? नुसते पाणी तपासून कळते म्हणतात. आणि तो आला कुठून?
– मच्छीमार संस्थेचे सभासद, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : उतरला की नाही, हे पाणी सांगेल. आला कुठून, यासाठी मासाच हवा.

माशाच्या अंगावरची बुळबुळ आणि विष्ठा यांतून त्याचा डीएनए पाण्यात मिसळतो व काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत टिकतो. सांडवा वाहत असताना नमुना घेऊ नका. वरच्या तलावातला डीएनए खाली वाहून येतो आणि मासा नसतानाही ‘आहे’ असा निकाल मिळतो. जानेवारी-फेब्रुवारी बरा. सुरुवात सर्वांत खालच्या तलावापासून करा, सकर सापडलेला तलाव शेवटी. पाण्यात न उतरता पाळीवरूनच पाच ठिकाणी एकेक लिटर भरा. दर तलावाला नवे हातमोजे. बाटल्या आधी एक भाग ब्लीच, नऊ भाग पाण्यात १० मिनिटे बुडवून नीट खंगाळा. एका बाटलीत तिथेच, काठावर, डिस्टिल्ड वॉटर भरा. तिच्यात सकरचा डीएनए निघाला, तर त्या दिवसाचे सगळे नमुने बाद! बाटल्या बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. पाणी गढूळ असल्याचे आधीच सांगा. प्रयोगशाळेतली ०.४५ मायक्रॉनची (अतिबारीक छिद्रांची) गाळणी गाळाने लवकर तुंबते, शिवाय कुजक्या पाल्यातली द्रव्ये पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी चाचणी) अडवतात; मग मासा असूनही ‘नाही’ येते. ही अडवणूक तपासल्याशिवाय ‘नाही’ मानू नका. संख्या मात्र या चाचणीतून नेमकी कळत नाही.

मूळ शोधायचे तर दर तलावातले २०-२५ मासे लागतील. प्रत्येकाच्या परातून (पोहण्याच्या पंखातून) तांदळाएवढा तुकडा, वेगळ्या कुपीत, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मलिन नको, त्याने डीएनए तुटतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत टाका. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. फक्त मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) डीएनएवर थांबू नका. तो आईकडचाच वंश दाखवतो आणि सकरच्या जातींत संकर होतो. मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची) तपासणी मागा. तिन्ही तलावांतले मासे एकाच कुळातले की वेगवेगळ्या वेळी सोडलेले, याचा अंदाज त्यावरून येतो. मत्स्यालयाच्या अमुक दुकानातून आला, इतके नेमके उत्तर मात्र क्वचितच मिळते.

तोवर सापडलेला सकर पाण्यात परत टाकू नका, आणि जाळे कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या तलावात नेऊ नका.