मुलानं तुम्हाला फ्रेमबाहेर का ठेवलं?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचलं आणि मग मुलाची ती चार मिनिटांची फिल्म तीनदा बघितली. तुम्ही लिहिलंय की बारावीत आहे, सहामाहीला 68 टक्के पडलेत आणि साहेब आजीचे मटार सोलतानाचे व्हिडिओ काढत बसलेत, त्यात "काहीच घडत नाही, माझा तर चेहरासुद्धा नाही". शिवाय बोर्डात 95 आणलेस तर दीड लाखाचा कॅमेरा, नाहीतर मोबाइल कपाटात.

68 चं मला काही वाटलं नाही, तो सौदा वाचून मात्र पोटात गोळा आला.

काहीच घडत नाही कसं हो? बाहेर स्कूटर थांबते, टेबलावर हेल्मेट आदळतं, मग तुमचा आवाज, "किती पडले?" आणि कॅमेरा तुमच्याकडे वळतच नाही, आजीच्या हातांवरच राहतो, ते हात अर्धी शेंग उघडून थांबतात, एक दाणा ताटातून घरंगळतो आणि उत्तर कोणीच देत नाही. तुमचा चेहरा दिसला असता तर रोजचं रागावणं झालं असतं ते. दिसत नाही म्हणून तुम्ही घरभर आहात. वाईट वाटेल, पण सतरा वर्षांच्या पोरानं हे तुम्हाला तोंडावर सांगितलं नाही, असं सांगितलं.

आता त्या कॅमेऱ्याचं. सुदामानगर असो की विजयनगर, इंदूरभर पालकांचा हाच समज, कॅमेरा भारी तर फिल्म भारी. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हनं एका नटाचा एकच कोरा चेहरा एकदा सूपच्या ताटलीशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, आणि म्हणतात की बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात आधी भूक दिसली, मग दुःख. अर्थ चेहऱ्यात नव्हताच, जोडण्यात होता. तुमच्याकडेही तेच, "किती पडले"च्या जागी टीव्हीवरची सिरीयल ऐकू आली असती तर आपण म्हटलं असतं आजी दमल्या. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून केलंय ना हे सगळं? मग दीड लाख कशाला? हां, शेवटी तो रडका पियानो टाकलाय तो काढायला सांगा, हातांनी सांगून झालं होतं सगळं.

पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट किंवा कोलकात्याची सत्यजित राय, दोन्हीकडे डिरेक्शन-साउंडचे तीन वर्षांचे कोर्स ग्रॅज्युएशननंतरच आहेत, प्रवेश परीक्षा वेगळी, म्हणजे बारावीच्या टक्क्यांवर घर पेटवायची गरज नाही. आणि तुम्ही डिरेक्शनचं विचारलंत, पण मला तर या मुलाचे कान दिसले. साउंडची चौकशी करा, तिथे फिजिक्स कामाला येतं, तेव्हा तो विषय त्यानं नीट करावा, त्यासाठी धमकी लागणार नाही.

कॅमेरा राहू द्या, एक साधा बाहेरून लावायचा माईक घेऊन द्या, मार्कांची अट न घालता. आणि आज घरी गेल्यावर हेल्मेट जरा हळू ठेवा, त्याच्या लक्षात येईल.