परकी फौज, लांबलेला मुक्काम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेने जून २००४ मध्येच इराकची सत्ता परत दिली. मग २०११ पर्यंतच्या काळालाही लोक 'ताबा' का म्हणतात?

उत्तर : कागदावर आपले म्हणणे बरोबर आहे. १९०७ च्या हेग नियमावलीचे ४२ वे कलम सांगते, की शत्रूसैन्याचा अंमल जिथे प्रत्यक्ष चालतो, तो प्रदेश ताब्यातला. सुरक्षा परिषदेच्या २२ मे २००३ च्या १४८३ क्रमांकाच्या ठरावात अमेरिका आणि ब्रिटन यांची कब्जेदार सत्ता म्हणून नोंद झाली. २८ जून २००४ ला कारभार हंगामी इराकी सरकारकडे गेला आणि कायद्याच्या दृष्टीने ताबा संपला. फौजा मात्र १८ डिसेंबर २०११ पर्यंत होत्या. २००७ मध्ये तर सुमारे १ लाख ७० हजार अमेरिकी सैनिक तिथे होते.

सामान्य माणूस ताबा ओळखतो तो एकाच गोष्टीवरून: गोळी झाडणाऱ्याला आपला पोलीस पकडू शकतो का? सत्ता सोपवण्याच्या आदल्या दिवशी सुधारून काढलेल्या, अमेरिकी प्रशासनाच्या १७ व्या आदेशाने, कंत्राटी कामाच्या ओघात केलेल्या कृत्यांसाठी परदेशी कंत्राटदारांनाही इराकी कायद्यातून सूट दिली. १६ सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खाजगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी १७ नागरिक ठार मारले, तेव्हा इराकी न्यायालयाला काहीच करता आले नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले, आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. ज्या सरकारला आपल्या राजधानीतल्या चौकातला गुन्हा चालवता येत नाही, त्याची लोकांत काय पत राहणार?

प्रश्न : इराकी सैन्य बरखास्त करणे एवढे महागात का पडले? ते हुकूमशहाचेच सैन्य होते ना?

उत्तर : सैन्य एकटे गेले नाही. १६ मे २००३ ला इराकचे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या प्रशासनाने पहिला आदेश काढून सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतल्या सगळ्यांना सरकारी नोकरीतून काढले. मंत्रालये, रुग्णालये, विद्यापीठे यांच्या वरच्या तीन थरांत पक्षाचा कोणीही पूर्ण सदस्य असेल, तर तोही बाहेर. नोकरी टिकवण्यापुरते पक्षात गेलेले हजारो शिक्षक यात भरडले गेले. २३ मे च्या दुसऱ्या आदेशाने सैन्य मोडीत काढले. सुमारे चार लाख माणसे एका सहीने बेकार झाली.

सैनिकांना मासिक भत्ता द्यायचे ठरले ते महिनाभराने, आणि तेही निदर्शने झाल्यावर. १८ जूनला बगदादमधल्या अशाच निदर्शनावर अमेरिकी सैनिकांनी गोळीबार केला, त्यात दोन माजी सैनिक गेले. तोवर पगार नाही, पेन्शनचे काय ते माहीत नाही, आणि अपमान झालाच आहे. दारूगोळ्याची कोठारे कुठे आहेत, हे यांनाच ठाऊक होते, आणि कितीतरी कोठारांवर पहारा नव्हता. तिथलेच तोफगोळे पुढे रस्त्याकडेच्या बॉम्बमध्ये वापरले गेले.

पहारा का नव्हता, तर माणसे पुरेशी नव्हती. अशा मोहिमांत दर हजार लोकसंख्येमागे २० सैनिक लागतात, असा लष्करी अभ्यासकांचा ढोबळ हिशेब आहे. अडीच कोटींच्या इराकला त्या हिशेबाने पाच लाख लागले असते. होते दीड लाखाच्या आसपास. उरलेले काम ज्या देशी फौजेकडून करून घेता आले असते, तीच घरी पाठवली.

नवी फौज उभी राहिली ती बाहेरच्या पैशावर आणि बाहेरच्या वेळापत्रकावर. हजेरीपटावर किती नावे चढली, यालाच प्रगती मानले गेले. जून २०१४ मध्ये उत्तर इराकमधले मोसुल शहर 'इसिस' या दहशतवादी संघटनेच्या हाती पडले, आणि त्याच वर्षाअखेरीस पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेत सांगितले, की ५० हजार सैनिक फक्त पगारपत्रकावर आहेत, प्रत्यक्षात नाहीत. मोसुल घेणाऱ्या 'इसिस'चे अनेक सेनानी जुन्या इराकी सैन्यातले अधिकारी होते.

प्रश्न : तेलसंपन्न इराकमध्ये इतक्या वर्षांनीही पुरेशी वीज का नाही?

उत्तर : हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण ताब्याचे परिणाम इथे तारांवर मोजता येतात. १९९१ च्या आखाती युद्धातली बॉम्बफेक आणि १९९० ते २००३ चे निर्बंध यांनी यंत्रणा आधीच खिळखिळी झाली होती. सत्ता कोसळल्यावर लुटारूंनी उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे पाडून तारा भंगारात विकल्या. त्यात नव्या प्रशासनाने आयातशुल्क उठवले. एसी आणि फ्रिज भराभर आले, मागणी चढली, वीजबिलाची वसुली जवळजवळ नाही.

उपाय म्हणून गॅस टर्बाइन बसवली. लवकर उभी राहतात, म्हणून कंत्राटदारांना सोयीची. पण गॅस कुठे होता? इराकचा गॅस तेलाबरोबर वर येतो. तो स्वच्छ करणारे प्रकल्प आणि नळ अपुरे असल्याने बसऱ्याच्या विहिरींवर तो जाळून टाकला जात होता. मग टर्बाइनला कच्चे तेल आणि जड इंधन पाजले. त्यातले व्हॅनेडियम पात्यांना खाते. ते थोपवायला मॅग्नेशियमयुक्त रसायन अचूक मात्रेत घालावे लागते. त्याची राख पात्यांवर बसते, म्हणून यंत्र थांबवून धुवावे लागते, आणि मोठी दुरुस्ती कितीतरी लवकर येते. एक पाळी चुकली, की उत्पादन घसरते. दोन-तीन चुकल्या, की पाती बदलायची वेळ. शिवाय गॅस टर्बाइनची क्षमता १५ अंश सेल्सिअसला मोजतात. ४५ अंशांत ती साधारण पाचव्या हिश्शाने घटते, आणि नेमकी तेव्हाच मागणी सर्वाधिक असते.

हे सांभाळणारे अनुभवी अभियंते बाथ पक्षाच्या लोकांना काढण्याच्या मोहिमेत किंवा नंतरच्या हिंसाचारात हरवले. कंत्राटदार चाचणी उरकून, चाव्या देऊन परत गेले. मग गल्लोगल्ली खाजगी जनरेटर आले. घरे तिथे दरमहा अँपिअर विकत घेतात. पाच अँपिअर म्हणजे २२० व्होल्टला सुमारे १,१०० वॉट: दिवे, पंखे, टीव्ही आणि फ्रिज, पण एसी नाही. पैसा जनरेटरवाल्याकडे जातो, सरकारी वीज खात्याकडे नाही, आणि खाते कायम कंगाल राहते.

प्रश्न : तपासणी नाक्यांवर निरपराध लोक मारले जातात, ते सैनिकांच्या क्रूरपणामुळे का?

उत्तर : क्रूरपणाची उदाहरणे आहेत, पण बहुतेक मृत्यू नाक्याच्या रचनेतूनच येतात. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते. इशाऱ्याची पाटी १०० मीटरवर असेल, तर ड्रायव्हरला सहा सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने पाटी वाचायची, ब्रेक दाबायचा, आणि सैनिकाने ठरवायचे, की आत्मघातकी आहे की घाईतला बाप. रात्री रस्त्यावरची काटेरी तार दिसत नाही. वर केलेली मूठ ही सैनिकांसाठी थांबण्याची खूण, ती सामान्य माणसाला कळत नाही. इशाऱ्याची गोळी झाडली, तर घाबरलेला माणूस उलट वेग वाढवतो. ४ मार्च २००५ ला बगदाद विमानतळाच्या रस्त्यावर इटलीचे गुप्तचर अधिकारी निकोला कॅलिपारी असेच मारले गेले. सुटका झालेल्या पत्रकाराला घेऊन येणाऱ्या मित्रदेशाच्या अधिकाऱ्याची ही गत, तर इराकी कुटुंबांचे काय! नाका पक्का करावा, गती मोडणारे वळणदार अडथळे घालावेत, पाट्या अरबीत आणि प्रकाशात असाव्यात. पुढच्या वर्षांत हे केले गेले तिथे मृत्यू घटले. तात्पुरते, रात्रीत उभे केलेले नाके सर्वांत घातक.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला जपानमध्ये ताबा जमला, मग इराकमध्येच का नाही?

उत्तर : तिथे राज्य मोडले नव्हते. सम्राट, मंत्रिमंडळ, स्थानिक कचेऱ्या जागेवर होत्या. ताब्याचे प्रमुख, अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांचे मुख्यालय टोकियोच्या सरकारला आदेश देई आणि अंमलबजावणी जपानी कारकून करत. जमीन सुधारणेचा विचार जपानी कृषी अधिकाऱ्यांत आधीपासून होता. शरणागती २ सप्टेंबर १९४५ ची, ताबा २८ एप्रिल १९५२ ला संपला. 'जमले' म्हणताना ओकिनावा मात्र विसरू नये. ते १५ मे १९७२ पर्यंत अमेरिकेकडेच होते. देशाच्या जेमतेम ०.६ टक्के भूमीवर आजही अमेरिकी तळांच्या क्षेत्रफळाचा सुमारे ७० टक्के भार आहे.

प्रश्न : अफगाण सैन्य ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानपुढे इतक्या झटपट का कोसळले?

उत्तर : कायद्याच्या व्याख्येत अफगाणिस्तानची २००१ च्या अमेरिकी हल्ल्यानंतरची पुढची वर्षे ताब्यात मोडत नाहीत, पण परावलंबन तेच. सुरक्षा दलांवर अमेरिकेने सुमारे ८८ अब्ज डॉलर खर्च केले. अफगाण मेकॅनिकांना रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टर चांगले जमत होते. त्याच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर दिले, ज्यांची देखभाल जवळजवळ पूर्णपणे परदेशी कंत्राटदार करत. फौजेबरोबर ते कंत्राटदारही निघाले, आणि हेलिकॉप्टरे जमिनीवर राहू लागली. दूरच्या चौक्यांना धान्य, गोळ्या आणि जखमींची ने-आण हवाई मार्गानेच होत होती. ती थांबल्यावर कित्येक चौक्यांनी गावच्या वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीने, लढाईशिवाय शस्त्रे ठेवली.